टू-इन-वन लॅपटॉप, लिनक्स आणि न फिरणारी स्क्रीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मोजके अपवाद सोडले, तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे ‘जुना लॅपटॉप टाकू नका, त्यावर लिनक्स घाला’ हा सल्ला हल्ली वर्तमानपत्रांतून, यूट्यूबवरून आणि संगणक-दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास मिळतो. सल्ला योग्यच आहे. पण ज्यांच्याकडे स्क्रीन ३६० अंशांत मागे दुमडणारा टू-इन-वन लॅपटॉप आहे, त्यांना तो अर्धवट मिळतो. लिनक्स चढतं, वायफाय चालतं, टचही चालतो. लॅपटॉप दुमडून पुस्तकासारखा उभा धरला की अक्षरं मात्र आडवीच राहतात. मग इंटरनेटवर सापडलेली पहिली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवली जाते, ती लागू पडत नाही म्हणून दुसरी, आणि शेवटी ‘लिनक्समध्ये हे होतच नाही’ असा निकाल लागतो.

होतं. पण स्क्रीन फिरण्यामागे एकच बटण नाही, एकामागे एक चार टप्पे आहेत: लॅपटॉपमधला सेन्सर, त्याला ओळखणारा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, सेन्सरचे आकडे वाचून ‘आता डावी बाजू वर आहे’ असं सांगणारी सेवा, आणि ते ऐकून प्रत्यक्ष चित्र फिरवणारा डेस्कटॉप. कुठला टप्पा अडला आहे ते न बघता केलेला इलाज बहुधा फुकट जातो. तपासायला दहा मिनिटं पुरतात. (पुढच्या आज्ञा आणि फाइलींची नावं छपाईच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टंकावीत.)

सुरुवात मधूनच करावी, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापासून. सेवेचं नाव ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’. उबुंटू आणि फेडोरा वर्कस्टेशनवर ती आधीपासून असते. डेबियन किंवा आर्चवर नसली तर याच नावाचं पॅकेज बसवावं. ती ‘इनेबल’ करायच्या भानगडीत पडू नये, सेन्सर दिसला की यूडेव्ह (उपकरणं ओळखणारी लिनक्सची यंत्रणा) तिला आपोआप उठवतं. पॅकेज बसवून मशीन रीस्टार्ट करा आणि टर्मिनलमध्ये ‘मॉनिटर-सेन्सर’ टंका. ‘हॅज अ‍ॅक्सेलेरोमीटर’ अशी ओळ आली (म्हणजे कल मोजणारा सेन्सर सापडला) आणि लॅपटॉप चारही बाजूंनी कलंडवल्यावर ‘नॉर्मल’, ‘लेफ्ट-अप’, ‘राइट-अप’, ‘बॉटम-अप’ हे शब्द बदलत राहिले, तर पहिले तीनही टप्पे ठीक आहेत आणि दोष डेस्कटॉपच्या बाजूला आहे. ‘नो अ‍ॅक्सेलेरोमीटर’ आलं, किंवा सेवा प्रकट होण्याची वाट पाहतोय अशा अर्थाच्या ओळीवर ते थांबून राहिलं, तर दोष खाली ड्रायव्हरमध्ये आहे. शब्द येतात पण चुकीच्या बाजूचे येतात, तर सेन्सर बोर्डावर ज्या दिशेने बसवला आहे ती लिनक्सला माहीत नाही. हे तीन निकाल नीट वेगळे ठेवले की निम्मं काम झालं.

ही चाचणी करताना लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवू नका. सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो, आणि सपाट पडलेल्या यंत्रात ती दिशा स्क्रीनच्या आरपार जाते. कुठली कड वर आहे हे अशा वेळी ठरवता येत नाही, म्हणून सेवा आधीचीच स्थिती धरून बसते. टेबलावर ठेवून गोल फिरवला आणि काही झालं नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो बिघाड नाही.

आता दोष ड्रायव्हरमध्ये असेल तर. ‘/सिस/बस/आयआयओ/डिव्हाइसेस’ या फोल्डरमध्ये काय दिसतं ते पाहा. तिथे ‘आयआयओ:डिव्हाइस०’ दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नये, तो नुसता उजेड मोजणारा सेन्सरही असू शकतो. आत ‘इन_अ‍ॅक्सेल_एक्स_रॉ’ नावाची फाइल हवी. ती ‘कॅट’ने वाचा, लॅपटॉप कलता करा, पुन्हा वाचा. आकडा बदलला तर सेन्सर जिवंत आहे.

फाइलच नसेल तर सेन्सर कुठल्या वाटेने जोडला आहे ते शोधावं लागतं. मुख्य वाटा तीन. इंटेलच्या बे ट्रेल, चेरी ट्रेल जातीच्या प्रोसेसरच्या स्वस्त यंत्रांत बॉश किंवा कायॉनिक्सची चिप थेट आय-टू-सी तारांवर असते. तिला कर्नल बहुधा ओळखतो. इंटेलच्या महागड्या लॅपटॉपमध्ये सेन्सर ‘इंटिग्रेटेड सेन्सर हब’, म्हणजे आयएसएच, या छोट्या वेगळ्या प्रोसेसरमागे दडलेला असतो. त्याचा ड्रायव्हर कर्नल ४.९मध्ये, डिसेंबर २०१६ला आला. तेव्हा ‘एलएसमॉड’च्या यादीत ‘इंटेल_आयएसएच_आयपीसी’ आणि ‘एचआयडी_सेन्सर_अ‍ॅक्सेल_३डी’ ही दोन्ही मोड्यूल आहेत का ते पाहावं. पहिलं आहे पण दुसरं नाही, तर हब सापडला आहे, पण त्याने आपल्याकडे अ‍ॅक्सेलेरोमीटर असल्याचं कळवलेलं नाही. अशा वेळी बायोस अद्ययावत करणं हाच पहिला शहाणपणाचा उपाय. इंटेलच्या लूनर लेक या नव्या पिढीत तर या हबचं फर्मवेअर ड्रायव्हरला डिस्कवरून चढवावं लागतं; तिथे ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज जुनं असलं की बाकी सगळं बरोबर असूनही सेन्सर गप्प.

एएमडीच्या लॅपटॉपवाल्यांना बराच काळ वाट पाहावी लागली. त्यांच्या ‘सेन्सर फ्यूजन हब’चा ड्रायव्हर, ‘एएमडी_एसएफएच’, मुख्य कर्नलमध्ये ५.११ला म्हणजे फेब्रुवारी २०२१मध्ये दाखल झाला. त्याहून जुन्या कर्नलवर रायझन टू-इन-वन फिरवायच्या खटपटीत वेळ घालवू नये, सरळ नवी आवृत्ती घालावी. नव्या कर्नलवरही कधी कधी फर्मवेअर ‘सेन्सर नाही’ असं खोटं सांगतं. तेव्हा ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी’मध्ये एक फाइल करून तीत ‘ऑप्शन्स एएमडी_एसएफएच सेन्सर_मास्क=१’ एवढी ओळ लिहून रीस्टार्ट करावं. १ म्हणजे फक्त अ‍ॅक्सेलेरोमीटर. ही सक्ती फर्मवेअरच्या यादीऐवजी लागू होते, त्यामुळे उजेडाचा सेन्सर आधी चालत असेल तर तो यादीतून गळेल, हे लक्षात ठेवावं.

झोपेतून उठल्यावर स्क्रीन फिरणं बंद होतं, हा वेगळा आजार. ‘सुडो सिस्टेमसीटीएल रीस्टार्ट आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ दिल्यावर पुन्हा चालू होत असेल तर तेच काम आपोआप करून घ्यावं: ‘/यूएसआर/लिब/सिस्टेमडी/सिस्टेम-स्लीप’ या फोल्डरमध्ये एक लहान स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी. झोपण्याआधी तिला ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द मिळतो. ‘पोस्ट’ मिळाला तरच सेवा रीस्टार्ट करायची. रीस्टार्टनेही सेन्सर उठत नसेल तर मोड्यूल काढून पुन्हा घालावं लागतं, तेही याच स्क्रिप्टमध्ये होतं.

स्क्रीन फिरते पण भलतीकडे, हा प्रकार खरं तर सर्वांत सोपा, पण लोक त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात. गवंड्याने पाणसळ आडवी लावली तर बुडबुडा खोटं बोलत नसतो, आपलं वाचणं चुकतं; तसंच इथे. सेन्सरची चिप बोर्डावर कारखान्याला सोयीची वाटेल तशी बसवलेली असते. ती दिशा सांगणारी नऊ आकड्यांची एक सारणी असते, तिला ‘अ‍ॅक्सेल_माउंट_मॅट्रिक्स’ म्हणतात. शेकडो मॉडेलच्या सारण्या सिस्टेमडीबरोबर (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेबरोबर) येणाऱ्या ‘६०-सेन्सर.एचडब्ल्यूडीबी’ या फाइलमध्ये आहेत. आपलं मॉडेल त्यात नसेल तर आपणच लिहायची.

काय लिहायचं हे लक्षणावरून ठरतं. मूळ सारणी ‘१, ०, ०; ०, १, ०; ०, ०, १’. डावं-उजवं उलटं येतं पण वर-खाली बरोबर आहे, तर पहिला १ उणे करा. वर-खाली उलटं आणि डावं-उजवं बरोबर, तर मधला १ उणे. दोन्ही उलटं, तर दोन्ही उणे. सगळंच पाव वळसा सरकलेलं असेल तर ‘०, -१, ०; १, ०, ०; ०, ०, १’, आणि त्याने उलट्या बाजूला गेलं तर ‘०, १, ०; -१, ०, ०; ०, ०, १’. तिसरी ओळ स्क्रीन आकाशाकडे आहे की जमिनीकडे याच्याशी संबंधित आहे. फिरण्याच्या तक्रारीत तिला सहसा हात लावावा लागत नाही.

ही नोंद मूळ फाइलमध्ये करू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल. ‘/ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी’मध्ये ‘६१-सेन्सर-लोकल.एचडब्ल्यूडीबी’ अशी नवी फाइल करा. नाव ६०च्या पुढचं असणं आवश्यक आहे. पहिली ओळ ‘सेन्सर:मोडअलायस:’पासून सुरू होते. तीत सेन्सरचं नाव आणि लॅपटॉपच्या उत्पादकाचं व मॉडेलचं नाव येतं. बॉशच्या चिपसाठी बहुधा ‘बीओएससी०२००’ आणि इंटेल हबसाठी ‘एचआयडी-सेन्सर-२०००७३’ असं सेन्सरचं नाव दिसेल. लॅपटॉपचं नाव ‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडअलायस’ या फाइलमधून जसंच्या तसं उचलावं. दुसरी ओळ सारणीची, आणि तिची सुरुवात एका रिकाम्या जागेने झालीच पाहिजे. ही एक रिकामी जागा विसरल्यामुळे नोंद निरुपयोगी ठरते, आणि लोक सारणीतले आकडे बदलत बसतात. मग ‘सुडो सिस्टेमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’, त्यानंतर ‘सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर’, त्यानंतर सेवा रीस्टार्ट. या क्रमातली एकही पायरी गाळू नये.

याच फाइलचा आणखी एक उपयोग आहे. काही टू-इन-वनमध्ये दोन अ‍ॅक्सेलेरोमीटर असतात, एक स्क्रीनमागे आणि एक कीबोर्डखाली. दोघांच्या फरकावरून बिजागरीचा कोन काढता यावा म्हणून. लिनक्सने चुकून खालचा धरला, तर स्क्रीन स्थिर ठेवून नुसता कीबोर्डचा भाग हलवला तरी चित्र फिरतं, आणि स्क्रीन हलवून काहीच होत नाही. भूतबाधा झाल्यासारखं वाटतं, पण खालच्या सेन्सरच्या नोंदीत ‘अ‍ॅक्सेल_लोकेशन=बेस’ लिहिलं की सेवा त्याच्याकडे दुर्लक्ष करते.

आता डेस्कटॉप. ‘मॉनिटर-सेन्सर’मध्ये सगळं बरोबर दिसूनही जीनोममध्ये, म्हणजे उबुंटू-फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, स्क्रीन फिरत नसेल तर आधी दिशेचं कुलूप पाहा: ‘जीसेटिंग्ज सेट ओआरजी.जीनोम.सेटिंग्ज-डेमन.पेरिफेरल्स.टचस्क्रीन ओरिएंटेशन-लॉक फॉल्स’. कुलूप उघडं असूनही फिरत नाही, आणि वरच्या कोपऱ्यातल्या क्विक सेटिंग्जमध्ये फिरवण्याचं बटणच नाही, तर कारण बहुधा टॅबलेट-स्विच. सध्याचा जीनोम, यंत्र दुमडून टॅबलेट झालं आहे अशी खात्री पटली तरच स्क्रीन आपोआप फिरवतो. मांडीवर लॅपटॉप तिरका झाला म्हणून चित्र फिरू नये, हा हेतू चांगलाच आहे. पण ती खात्री देणारा ‘टॅबलेट-मोड’ संकेत कर्नलमधला वेगळाच ड्रायव्हर देतो: इंटेलच्या बऱ्याच यंत्रांत ‘इंटेल-व्हीबीटीएन’ किंवा ‘इंटेल-एचआयडी’, एचपीत ‘एचपी-डब्ल्यूएमआय’, लेनोव्होच्या काही योगा मॉडेलांत ‘लेनोव्हो-वायएमसी’. तो गप्प असेल तर सेन्सर कितीही चांगला असला तरी जीनोम ढिम्म.

तपासायला ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवून लॅपटॉप दुमडा. (उबुंटू-डेबियनवर हे ‘लिबइनपुट-टूल्स’ पॅकेजात येतं, फेडोरावर ‘लिबइनपुट-यूटिल्स’मध्ये.) ‘स्विच_टॉगल ... टॅबलेट-मोड स्टेट १’ अशी ओळ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कर्नल नवा करून पाहावा, कारण या ड्रायव्हरांमध्ये मॉडेलनिहाय भर पडत असते. तोवर ‘स्क्रीन रोटेट’ हे जीनोमचं एक्स्टेन्शन चालतं, ते स्विचची वाट पाहत नाही. मात्र जीनोमची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तेव्हा एक्स्टेन्शनं मोडतात, हे धरून चालावं.

उलटा त्रासही होतो, आणि तो जास्त भीतिदायक असतो. स्विच सतत ‘१’ सांगत राहिला तर लिबइनपुट (कीबोर्ड, टचपॅड सांभाळणारा भाग) यंत्र दुमडलेलं समजून आतला कीबोर्ड आणि टचपॅड बंद करतं. लॅपटॉप चालू झाला, पण एकही कळ दबत नाही. घाबरून लिनक्स पुन्हा घालू नका. यूएसबी कीबोर्ड जोडा, तो चालतो, कारण बंदी फक्त आतल्या कीबोर्डवर असते. मग ‘/ईटीसी/लिबइनपुट/लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स’ या फाइलमध्ये आपल्या यंत्राची नोंद करून ‘मॉडेलटॅबलेटमोडस्विचअनरिलायबल=१’ लिहा. ‘इंटेल_व्हीबीटीएन’ मोड्यूल काळ्या यादीत टाका असा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, त्यानेही काम होतं, पण कडेची बटणं आणि खरा टॅबलेट-मोड दोन्ही गमवावे लागतात.

केडीई प्लाझ्मावर प्रकरण सरळ आहे. वेलँड सत्रात (वेलँड आणि जुनं एक्स११ या स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या दोन व्यवस्था) सिस्टिम सेटिंग्जच्या डिस्प्ले पानावर दिशेला ‘ऑटोमॅटिक’ निवडा. शेजारी ‘फक्त टॅबलेट-मोडमध्ये’ अशा अर्थाची चौकट असते, स्विच चालत नसेल तर तिची टिक काढा. जीनोमने ही एक चौकट दिली असती तर वरचे दोन परिच्छेद लिहावे लागले नसते.

जुन्या लॅपटॉपवर हलकं म्हणून एक्सएफसीई किंवा माटे घालतात आणि ते एक्स११वर चालतं. तिथे स्वयंचलित फिरण्याची सोय धरून चालू नये. ‘मॉनिटर-सेन्सर’चं बोलणं ऐकून स्क्रीन फिरवणाऱ्या ‘एक्सरँडर’ला हुकूम देणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागते. ‘लेफ्ट-अप’ला ‘लेफ्ट’, ‘राइट-अप’ला ‘राइट’, ‘बॉटम-अप’ला ‘इन्व्हर्टेड’, ‘नॉर्मल’ला ‘नॉर्मल’. स्क्रीनचं नाव आधी नुसतं ‘एक्सरँडर’ टंकून पाहावं, कारण बहुतेक यंत्रांत ते ‘ईडीपी-१’ असतं, पण इंटेलचा जुना एक्स-ड्रायव्हर असेल तर मधली आडवी रेघ नसते, आणि त्या एका रेघेवरून स्क्रिप्ट अडते. मध्ये ‘ग्रेप’ घातलं असेल तर त्याला ‘--लाइन-बफर्ड’ द्या, नाहीतर ओळी साचून राहतात आणि स्क्रीन बऱ्याच उशिरा, एकदम दोन-तीनदा फिरते.

एक्स११वर चित्र फिरलं तरी टच फिरत नाही. बोट डावीकडे लावलं तर टिचकी वरच्या कोपऱ्यात पडते. ‘एक्सइनपुट’ने टचस्क्रीनचा क्रमांक शोधून ‘एक्सइनपुट --मॅप-टू-आउटपुट’ला तो क्रमांक आणि स्क्रीनचं नाव द्यावं, आणि हे दर वळणाला पुन्हा करावं, म्हणजे स्क्रिप्टमध्येच ते असावं. त्याने भागलं नाही तर ‘कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स’ हा गुणधर्म थेट भरा: डावीकडे ‘० -१ १ १ ० ० ० ० १’, उजवीकडे ‘० १ ० -१ ० १ ० ० १’, उलटं ‘-१ ० १ ० -१ १ ० ० १’. वेकॉमचं पेन असेल तर ‘स्टायलस’, ‘इरेजर’ आणि ‘टच’ ही तीन वेगळी उपकरणं यादीत दिसतात. तिन्ही जोडावी लागतात. पेन बरोबर चालतं आणि मागचा खोडरबर भलतीकडे पुसतो, अशी तक्रार असली की इरेजर राहून गेला आहे असं समजावं. वेलँडवर हा सगळा पसारा नाही, टच आणि पेन डेस्कटॉपच सांभाळतो. शक्य असेल तिथे वेलँडच वापरावं, आणि वेलँडवर एक्सरँडरच्या स्क्रिप्ट चालवू नयेत, त्या तिथे निरुपयोगी आहेत.

आठ-दहा इंची स्वस्त यंत्रांचं एक वेगळंच. त्यांत मुळात टॅबलेटचं उभं पॅनेल आडवं बसवलेलं असतं, म्हणून सुरू होतानाची अक्षरंसुद्धा कडेवर पडलेली दिसतात. हा सेन्सरचा दोष नाही. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कर्नल-ओळीत ‘व्हिडिओ=डीएसआय-१:पॅनेल_ओरिएंटेशन=राइट_साइड_अप’ द्यावं (स्क्रीनचं नाव आपापलं).

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट, जी मार्गदर्शकांत सहसा नसते. अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून काही डेस्कटॉप प्रत्येक ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा वेगवेगळा वापर करतात. स्क्रीन उभी केली की त्या पट्ट्या आडव्या होतात, हिशेब चुकतो, आणि शिरोरेषेला, रफाराला, अनुस्वाराला रंगीत कडा दिसू लागतात. फॉन्टच्या सेटिंगमध्ये ‘सबपिक्सेल’ऐवजी ‘ग्रेस्केल’ निवडलं की चारही बाजूंना सारखंच दिसतं. शिवाय १३६६ बाय ७६८ची स्क्रीन उभी केल्यावर रुंदीला फक्त ७६८ ठिपके उरतात. वाचायला पुरतात, पण बऱ्याच खिडक्या तेवढ्यात मावत नाहीत.

हे सगळं लिनक्स कायमचं घालण्याआधीच कळू शकतं. पेनड्राइव्हवरून फेडोरा किंवा उबुंटू ‘ट्राय’ पद्धतीने, म्हणजे काही न बसवता, सुरू करा. ‘मॉनिटर-सेन्सर’ चालवा, स्क्रीन चारही बाजूंना धरा, यंत्र दुमडून कळा बंद होतात का ते पाहा. जुना टू-इन-वन विकत घेताना दुकानातच हे करावं, आणि लिनक्स घालून देण्याचे पैसे घेणाऱ्याकडूनही पैसे देण्याआधी हे करवून घ्यावं.

सारणी जुळली तर ती स्वतःच्या यंत्रापुरती ठेवू नका. सिस्टेमडी प्रकल्पाकडे लॅपटॉपचं मॉडेल, दोन्ही मोडअलायस ओळी आणि नऊ आकडे पाठवले, की पुढच्या एखाद्या आवृत्तीपासून तेच मॉडेल असलेल्या प्रत्येकाची स्क्रीन न सांगता सरळ फिरेल.

आपला,
एक लिनक्स वापरकर्ता, पुणे